पुढच्या सुराचं बोट

अंगठा १, करंगळी ५. दोन्ही हातांना तेच. व्हायोलिन शिकून पियानोकडे आलेली मुलं सुरुवातीला गोंधळतात, कारण व्हायोलिनवर १ म्हणजे तर्जनी. एवढं कळलं की छापील आकडे वाचता आले असं त्यांना वाटतं. खरं वाचन त्यानंतरचं.

उजव्या हाताचं सी मेजर घ्या. सी, डी, ई या सुरांवर १, २, ३ आणि एफवर पुन्हा १. हा १ फक्त एफसाठी नाही. अंगठा बोटांखालून तिथे सरकला की जी, ए, बी, सी हे चारही सूर उरलेल्या बोटांखाली आपोआप येतात. एफ मेजरमध्ये मात्र अंगठा थांबतो. चौथा सूर बी फ्लॅट, म्हणजे काळी पट्टी. तिथे ४ येतं आणि अंगठा त्यानंतरच्या पांढऱ्या सीवर उतरतो. म्हणून जाणता संपादक प्रत्येक सुरावर आकडा देत नाही, हात जागा बदलतो तिथे देतो. मी मुलांना सांगते, आकडा दिसला की पुढची ओळ बघा. तो का आला हे तिथे सापडतं.

आकडा कुणाचा, हेही बघावं. संपादकाचा असेल तर तो सल्ला आहे. तुमचा हात लहान असेल तर खुशाल खोडा. संगीतकाराचा असेल तर घाई नको. बेथोव्हेनच्या ऑपस ११० सोनाटात बांधलेल्या एकाच सुरावर ४ आणि ३ अशी बोटं येतात. सोयीसाठी तिथे एक बोट पुरलं असतं. दुसरा सूर किंचित हलावा, असा त्याचा हेतू मानला जातो. शोपँच्या ऑपस १०मधल्या दुसऱ्या एट्यूडमध्ये, म्हणजे अभ्यासरचनेत, उजव्या हाताची ३, ४, ५ ही बोटं एकमेकांवरून ओलांडत अर्ध्या-अर्ध्या सुरांनी धावतात, आणि अंगठा-तर्जनी खालचे सूर वाजवतात. तिथे बोटं बदलली तर मूळ अभ्यासच उरत नाही.

देब्युसीने १९१५च्या बारा एट्यूडमध्ये आकडेच दिले नाहीत. प्रत्येकाचा हात वेगळा, तेव्हा बोटं ज्याची त्याने शोधावीत, असं त्याने प्रस्तावनेत स्पष्ट केलं. ती पानं काढली की मी मुलांच्या हाती पेन्सिल देते. आधी संथ वाजवायचं, हात कुठे अडतो ते बघायचं आणि आकडा त्याच्या एक सूर आधी लिहायचा.