रात्री दोनचा रकाना

मंगळवार, ७ जानेवारी २०२५
अण्णांना वारज्याला दाखवून आणलं. जगताप डेअरीवरून वाकड, मग बायपासने चांदणी चौक. गाडीला हादरा बसला की अण्णा डोळे मिटून घेत. प्रोस्टेटचा कॅन्सर आता मणक्यात उतरलाय. सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर तिथे १९९७पासून आहे, पैसे घेत नाहीत. दादाने डॉक्टरांना दारातच गाठलं : "अण्णांना काही सांगू नका." त्या आत गेल्या आणि अण्णांनाच विचारलं, "काका, तुम्हाला काय काय माहीत आहे?"
"सगळं. पोरांना कितपत माहीत आहे, तेवढं कळत नव्हतं."
आठ महिने आम्ही फायली कपाटावर लपवत होतो.

बुधवार, ८ जानेवारी
मॉर्फिन सुरू. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६. रात्री १०ला दुप्पट, म्हणजे २ला उठवायला नको. सोबत पोट साफ होण्याचं औषध, ते चुकवायचं नाही. या गोळ्या शिवार चौकातल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. अमली पदार्थांचा १९८५चा कायदा २०१४ साली थोडा सैल झाला, तरी त्या मान्यता असलेल्या ठिकाणाहूनच आणाव्या लागतात.
आत्याचा फोन : "अगं, अफूच ती. सवय लागेल त्याला."

गुरुवार, ९ जानेवारी
दुपारी दोनला अण्णा निवांत पेपर वाचत होते. "दुखतंय का?" "नाही." मग मी गोळी दिलीच नाही. आत्याचं बोलणं डोक्यात होतं. साडेचारला त्यांनी उशीचा कोपरा दातांत धरला. चढलेली कळ उतरायला रात्रीचे नऊ वाजले.
वारज्याच्या सिस्टरना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, दुखत नव्हतं ते गोळीमुळेच ना?"

शनिवार, ११ जानेवारी
आज अण्णांनीच गोळ्यांचा विषय काढला. चौतीस वर्षं ते एचएत होते. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ची, पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी. अण्णा फर्मेंटेशनला, तिन्ही पाळ्यांत.
"टाकीतली बुरशी जिवंत असते. हवा थांबली की बॅच गेली. ती ओरडेल मग हवा सोडू, असं चालत नाही."
"पण सवय लागली तर?"
"पेनिसिलिन वेळेवर का घ्यायचं? रक्तातली पातळी पडू नये म्हणून. इथे तेच आहे. आणि सवय लागून मी आता कुठे जाणार आहे?"
आई उठून ओट्याशी गेली. नळ बराच वेळ चालू होता.
मग त्यांनी वही मागवली. पट्टी घेऊन रकाने आखून घेतले : वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, पोट, सही. सहीशिवाय नोंद धरायची नाही, अशी ताकीद.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
लाडू चावत नाही, म्हणून आईने कुटून दुधात दिला. दादा चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आला, तर बूट काढायच्या आत अण्णा : "चार्ज घे." माझ्या हातातली वही त्याच्या हातात. दुपारची नोंद, दुखणं ३.
संध्याकाळी अण्णांनी शेवटचं पान उघडायला लावलं आणि सांगून लिहून घेतलं : आयसीयूत नेऊ नये. नळ्या लावू नयेत. घरी सांभाळणं जमेना, तर वारज्याला न्यावं. खाली चौघांच्या सह्या. आईने सगळ्यात आधी केली.

बुधवार, १५ जानेवारी
दहाची दुप्पट देऊन झोपले, पण दोनला जाग आलीच. पडदा सारून पाहिलं. अण्णांचा श्वास संथ. वहीत दोनचा रकाना रोज रिकामाच असतो, तसाच ठेवून परत आडवी झाले.
सकाळी सहाची नोंद करायला वही घेतली. रिकाम्या रकान्यात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : "रात्री २. नॉर्मल." पुढे अण्णांची सही.