सुतळीची रेघ

२०१६ सालच्या सिंहस्थापूर्वी सारी उज्जयिनी नवे रूप घेत होती. त्याच सुमारास आमच्या शाळेच्या फाटकापासून पडवीपर्यंतची पायवाट सिमेंटची करण्याचे ठरले. काम एका वृद्ध मिस्त्रीकडे होते. त्याच्या पिशवीत लाकडी गुरमाळा, सुतळीची गुंडी आणि टिपक्यांचा एक पितळी रूळ असे. रुळाची मूठ वापराने झिजली होती. तो वडिलांच्या हातचा, असे तो अभिमानाने सांगे. ओल्या सिमेंटवर सुतळी ताणून दाबावयाची, की चौकटी उमटतात. मग त्यांवर रूळ फिरवावयाचा. पाणी रेघांतून निघून जाते आणि टिपक्यांवर पाऊल ठरते.

आम्हांस मात्र आरशासारखी पायवाट हवी होती. "माटसाब, फर्श मुँह देखने को नहीं, पाँव टिकाने को होता है," असे त्याने विनविले. पण सांगण्याची सवय जडलेल्या आम्हांस ऐकण्याची सवय उरली नव्हती. त्याने मुकाट्याने लोखंडी गुरमाळ्याने सारे घोटून गुळगुळीत करून दिले.

पहिल्याच पावसात सहावीतील एक मुलगा घसरला. त्याचे मनगट मोडले. त्याची आई शाळेत आली, ती भांडली नाही. तो त्याच हाताने लिहितो, एवढेच म्हणाली.

आम्ही मिस्त्रीस पुन्हा बोलाविले. आता सुतळीचा उपयोग नव्हता. भिजविलेले सिमेंट ३० मिनिटांच्या आत घट्ट होऊ लागू नये आणि १० तासांच्या आत घट्ट झालेले असावे, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. सुतळीचे राज्य तेवढ्याच अवधीतले. पुढे टाकी आणि हातोडा. चार दिवस तो उकिडवा बसून घाव घालीत होता. तो टक्‌टक् आवाज आमच्या ओळखीचा होता. लहानपणी आईच्या जात्याला टाकी लावावयास टाकीवाली येई. गुळगुळीत झालेले जाते दळीत नाही, हे आई जाणत होती, तिच्या एम. ए. झालेल्या मुलास ते उमगावयास एका लेकराचे मनगट मोडावे लागले.

त्या चार दिवसांची मजुरी आम्ही पदरची दिली. मुलाचा हात पुढे बरा झाला. पावसाळ्यात मुले त्या खडबडीत वाटेवरून धावत येतात, तेव्हा आम्ही फाटकाशी उभे असतो. त्या माउलीची गाठ पडली, म्हणजे मात्र आमची मान अजून खाली जाते.