बावडीतली हवा

जालना जिल्ह्यात कोळशाच्या खाणी नाहीत. आमच्या खाणी म्हणजे विहिरी. काळ्या खडकात सुरुंग लावून खोदलेल्या, साठ-सत्तर फूट खोल. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायला माणसं उतरतात. आमच्या मोहल्ल्यातल्या कित्येक घरांची चूल याच कामावर पेटते.

आमचे दादा विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडत. तो विझला तर त्या दिवशी काम बंद. "बावडी में असर है," असं घरातल्या बाया म्हणत. असर जिनाचा नव्हता, हवेचा होता. तळाशी पालापाचोळा कुजतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. उन्हाळ्यात वरची हवा तापलेली, खालची थंड. म्हणून खालची हवा वर येतच नाही, तिथेच साचते.

दादांची परीक्षा शहाणपणाची होती, पण पुरी नव्हती. मोकळ्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. ज्योत साधारण 16 टक्क्यांवर विझते. आपल्या देशातले खाणींचे नियम मात्र 19 टक्क्यांखालची हवा कामाला योग्य मानत नाहीत. डिझेल पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्योतीला कळत नाही. तो ओळखण्यासाठी ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत. आता हातात मावणारं गॅस मोजायचं यंत्र मिळतं. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं, आणि धोका टळला असं वाटतं. शेणाच्या किंवा मैल्याच्या खड्ड्यात तर मिथेन असतो. तिथे कंदीलच स्फोट घडवील.

एप्रिल 2024 मध्ये नगर जिल्ह्यातल्या वाकडी गावी शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता.

आठवीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, अब्बा अंदर गिरे तो भी हम नक्को उतरना क्या?"

वर्ग गप्प झाला. आम्ही म्हणालो, "नक्को, बेटा." वरून आरडाओरड करायची, माणसं जमवायची, कमरेचा दोर ओढायचा, 101 ला फोन लावायचा. म्हणून दोर आधीच बांधलेला हवा. पंप वरच ठेवायचा. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा खेळती करायची, यंत्राने वरपासून खालपर्यंत मोजायची आणि माणूस वर येईपर्यंत ब्लोअर चालू ठेवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलाच्या अब्बांनी विहीरमालकाकडे ब्लोअर मागितला. मालकाने दुसरी माणसं बोलावली. अब्बा मजुरीविना घरी आले.

म्हणून नुसतं मुलांना शिकवून भागत नाही. ब्लोअर आणि यंत्र ग्रामपंचायतीत ठेवलं, तर मजुराला रोजी आणि जीव यांतलं एक निवडावं लागणार नाही. येत्या ग्रामसभेत हे मागणं मांडायला त्या मुलाचे अब्बा आमच्याबरोबर येणार आहेत.