गिरणीच्या गावातील सकाळची फेरी

सोलापुरास येणारे प्रवासी बहुधा श्री सिद्धेश्वराचे दर्शन घेतात, चादरी खरेदी करतात आणि पंढरपूर, तुळजापूर वा अक्कलकोटच्या वाटेला लागतात. घरातील ज्येष्ठांसह आलात, तर येथे एक सकाळ सावकाश घालवा.

हे शहर गिरण्यांनी वाढविले. १८७४ मध्ये स्थापन झालेली ‘जुनी मिल’, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या. त्यांच्या भोंग्यावर घरोघरच्या चुली पेटत. १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत हा कामगारवर्गही रस्त्यावर उतरला होता. आता भोंगे मुके झाले आहेत. यंत्रमागांची खडखड मात्र पूर्वभागात अजून ऐकू येते.

माझ्या वडिलांचे आयुष्य अशाच एका गिरणीत गेले. आई गेल्यावर त्यांनी उंबरठा ओलांडणे जवळजवळ सोडले. सपाट जागी रोज थोडे चालावे, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आम्ही सिद्धेश्वर तलावाचा काठ निवडला. एका बाजूस पाण्यातील मंदिर, दुसऱ्या बाजूस भुईकोट किल्ल्याचे बुरूज. पहिल्या दिवशी शंभर पावले झाली. त्यापुढे आग्रह केला नाही.

काही आठवड्यांनी तेथे त्यांचे जुने सहकारी भेटले. दोघांनाही कमी ऐकू येते, तरी गप्पा रंगल्या. कारण मागांच्या गोंगाटात ओठ आणि हातवारे वाचण्याची सवय दोघांनाही होती. त्या बोलण्यातच मला समजले, की तरुणपणी कापूस पिंजण्याच्या खात्यात असताना, सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी अप्पांची छाती आवळून येत असे. हे मी डॉक्टरांच्या कानावर घातले. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या विकाराचे ते ओळखीचे लक्षण आहे. ज्या दम्यास आम्ही वयाचा दोष मानीत होतो, त्यासाठी फुफ्फुसांची तपासणी झाली आणि औषध बदलले. आज अप्पा किल्ल्याच्या बागेपर्यंत जातात, वाटेत दोनदा विसावतात.

आपल्याकडील ज्येष्ठांनी गिरणीत, खाणीत वा भट्टीपाशी काम केले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. फिरण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात येथील पारा चाळिशी ओलांडतो. पायांत घट्ट बसणारे बूट, हातात काठी, सोबत पाणी, आणि मधुमेह असल्यास थोडा खाऊ असावा. चालता चालता बोलता येईल इतकीच गती ठेवा. छातीत दाब किंवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या. शक्ती असल्यास दुसऱ्या दिवशी विजापूर रस्त्यावरील कंबर तलाव पाहावा. हिवाळ्यात तेथे पाहुणे पक्षी उतरतात.

आणि चालताना त्यांच्या कामाविषयी विचारा. पाय मोकळे होतात, तसे मनही मोकळे होते. त्या बोलण्यात कधी कधी उपचाराची दिशाही सापडते.