स्वर लावण्याची मुभा

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९४५ पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय ब्रास बँड स्पर्धेची अंतिम फेरी भरत आली आहे. तेथे एका शरद ऋतूत मी श्रोता म्हणून गेलो तो यॉर्कशायरमधील एका स्नेह्यांच्या आग्रहाने, कारण ते गिरणीच्या पथकात युफोनियम वाजवीत. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते, नेमलेली एकच रचना सर्वांना वाजवावी लागते, आणि कोणते पथक वाजवीत आहे हे परीक्षकांस कळू नये म्हणून त्यांना पडदे लावलेल्या कक्षात बसविले जाते, हा शिरस्ता त्यांनी मला वाटेतच समजावून दिला होता.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. मागील दालनात एखादे प्रार्थनागीत वाजवून ओठ सैलावतात न सैलावतात तोच पथकाला थंड मार्गिकेत तिष्ठत ठेवण्यात येई. तेथे स्वर काढण्यास मज्जाव असल्यामुळे वादक आपापल्या वाद्यांत नुसता निःशब्द श्वास सोडीत उभे राहत, आणि मंचावर स्थानापन्न होताच एकही स्वर न लावता थेट रचनेस हात घालीत. नळीतील हवा दहा अंशांनी निवली, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे सहा मीटरने घटतो आणि स्वर अर्धस्वराच्या जवळजवळ तृतीयांशाने उतरतो. तंबोरा आणि तबला श्रोत्यांसमक्ष जुळविण्यात कोणास काही गैर वाटत नाही अशा मैफलींत माझे कान घडलेले. मला तो सारा प्रकार अकारण निष्ठुर भासला.

मंचावर दोन मिनिटे प्रार्थनागीत वाजवू दिले, तर नादावरून परीक्षक पथक ओळखतील, ही हरकत तेथील एका कारभाऱ्याने सांगितली. परंतु ज्याचे कान इतके तीक्ष्ण, तो पुढची पंधरा मिनिटे चालणाऱ्या रचनेतून ते ओळखणार नाही काय? वेळापत्रकाची अडचण मात्र खरी: वीस पथके म्हटली की चाळीस मिनिटे गेली, तरीही तेवढी तजवीज करावी, असेच माझे मत आहे.

स्नेह्यांचे मत याच्या अगदी उलट. थंड वाद्यातून पहिला स्वर अचूक काढणे हीच खरी परीक्षा, असे ते म्हणाले. मग मागच्या दालनात तरी वाजवू का द्यावे, असे मी विचारल्यावर त्यांनी विषय बदलला, आणि पुढल्या खेपेस आपल्या पथकाला पहिल्या पाळीची चिठ्ठी येऊ नये, एवढीच इच्छा बोलून दाखविली.