आधी कुणाचं ऐकायचं?

एअरबस ए-३२० च्या सिम्युलेटरमध्ये परवा सराव होता. उड्डाणानंतर थोड्याच वेळात प्रशिक्षकांनी मागून बिघाड घातला. माझ्यासमोर वेग वाढताना दिसू लागला, शेजारच्या वैमानिकासमोर घसरताना. ऑटोपायलट सुटल्याची घंटी वाजली, लाल दिवा लागला, मधल्या पडद्यावर सूचनांची रांग लागली. वेग जास्त झाल्याची टिणटिण चालू असतानाच यंत्र ओरडू लागलं, ‘स्टॉल, स्टॉल!’ म्हणजे वेग कमी पडतोय. शेजारचा काहीतरी वाचून दाखवत होता. ओठ हलताना दिसत होते, शब्द कानापर्यंत येत नव्हते.

अशा वेळी पाठ केलेलंच कामाला येतं. ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रस्ट बंद, फ्लाइट डायरेक्टर बंद. इंजिनं चढाईच्या ताकदीवर, नाक दहा अंश वर. मग कागदावरची तपासणी यादी.

६ फेब्रुवारी १९९६ ला बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ डोमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. त्या वैमानिकांनाही असेच दोन उलटसुलट इशारे मिळाले होते. १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ ची गोष्ट मला त्याहून छळते. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की संगणक पंखांच्या हवेशी होणाऱ्या कोनाचं माप खोटं धरायचा आणि स्टॉलचा इशारा बंद व्हायचा. नाक खाली केलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग वाढून इशारा पुन्हा वाजायचा. अंधारात, गोंधळात, माणसाने त्यातून काय समजायचं? २२८ जण गेले.

पावसाळ्यात गावी, माकणीला गेलो तेव्हा या अपघातांबद्दल तात्यांना सांगत होतो. निम्न तेरणा धरण गावातच. दारं उघडायची तर नदीकाठाला इशारा जातो, तेव्हा लोक पंपाच्या मोटारी, जनावरं वर आणतात. पण फोनवर येणाऱ्या, वीज पडण्याच्या इशाऱ्याच्या मेसेजचं नाव काढताच तात्या म्हणाले, “रोज वाजतंय बाबा. वीज आपल्या शिवारात का तिकडं उमरग्याला, काय कळतंय? आता कोण बघत नाही.” मला त्याचीच भीती वाटते, कारण एखाद्या दिवशी ती आमच्याच शिवारात पडेल.

ए-३२० मधली मला सगळ्यात आवडणारी सोय म्हणजे गप्प राहणं. धावपट्टीवर वेग ८० नॉटच्या वर गेला की तातडीचे नसलेले बहुतेक इशारे विमान साधारण १५०० फुटांपर्यंत दाबून ठेवतं. कुणीतरी बसून, काय नंतर सांगितलं तरी चालेल, हे ठरवलं आहे. दर अपघातानंतर नवा इशारा जोडण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण.

“मग ते ठरवतंय कोण?” हे ऐकून तात्यांनी विचारलं. विमान कारखान्यातले अभियंते आणि चाचणी वैमानिक, मी सांगितलं. आमच्यासारख्यांचे अहवालही त्यांच्यापर्यंत जातात. परवाच्या अहवालात मी लिहिलं आहे, कोणत्या आवाजामुळे शेजाऱ्याचं वाचन ऐकू आलं नाही ते.