लेझिमीची वही

जी विद्या केवळ एकाच्या स्मरणांत राहते, ती त्याच्यापाठोपाठ निघून जाते. पांझरेकांठच्या आमच्या पिंपळनेरांत लेझिमीचें असेंच होऊं पाहत होतें. लेझीम शिकविणारे गुरुजी निवृत्त झाले. ‘चार आवाज’, ‘पवित्रा’ इत्यादि प्रकारांचीं नांवें सर्वांस ठाऊक होतीं. परंतु कोणत्यामागून कोणता, किती ठोके आणि रांगा केव्हां वळवावयाच्या, हें जुन्या मुलांपैकीं प्रत्येकजण निराळें सांगूं लागला. तेव्हां गुरुजींच्या घरीं जाऊन, ते सांगतील तसतसें सर्व उतरून घेण्याचें आम्हीं ठरविलें.

नुसत्या शब्दांनीं लिहूं जातां थोडक्या खेळासही दोन पानें लागतात. आणि ढोल वाजूं लागल्यावर दोन पानें वाचण्यास सवड कोणास? खुणा हव्याच. त्या कामीं पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीचा कित्ता आम्हीं पुढें ठेविला. त्यांच्या पद्धतींत त्रितालाच्या १६ मात्रांचे चार भाग पाडून समेस गुणाकाराचें चिन्ह व नवव्या मात्रेवरील खालीस शून्य देतात. चिन्हें थोडीं, पण प्रत्येकाची जागा ठरलेली. त्याप्रमाणें आम्हीं एका ओळींत आठ घरें आंखिलीं. एक घर म्हणजे एक ठोका. ‘डा’ म्हणजे डावा पाय, ‘उ’ म्हणजे उजवा, ‘ब’ म्हणजे बैठक. उडीसही ‘उ’ लिहिल्यास घोटाळा होणार, म्हणून तिला वर टोंक असलेला बाण दिला.

खरी अडचण हुकुमाची. पहिल्या ठोक्यावर हुकूम दिला, तर मुलांचे पाय आधींच जुन्या चालींत पडलेले असतात. यास्तव तो मागील ओळीच्या सातव्या-आठव्या ठोक्यांवर उच्चारला पाहिजे, आणि वहींतही तेथेंच तांबड्या शाईनें लिहिला पाहिजे. दूरदेशींही हाच अनुभव आहे. जॉन प्लेफर्ड यानें १६५१ सालीं लंडनांत रांगांच्या ग्रामीण नाचांचे प्रकार सुरांसह छापिले. त्याच वंशांतील ‘कॉण्ट्रा’ हा नाच अमेरिकेंत आजही चालतो. त्याची एक फेरी बहुधा ६४ ठोक्यांची असते. हुकूम देणारा लहानशा कार्डावर संक्षिप्त खुणा लिहून ठेवितो, आणि चाल सुरू होण्याच्या किंचित् आधीं तिचें नांव पुकारतो.

वही पुरी झाल्यावर, ती लिहितांना जवळ नसलेल्या एका मुलाच्या हातीं आम्हीं ती दिली. खुणांचा तक्ता पाहून त्यानें हुकूम दिले, आणि रांगा बरोबर वळल्या. गुरुजी कडेला बसून पाहत होते. त्यांस एकदांही बोलावें लागलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वडिलांस अथवा आजोबांस एखादी जुनी चाल येत असल्यास ती आजच उतरून घ्यावी. आणि पालकांनीं ती सांगण्यास संध्याकाळचा थोडा वेळ द्यावा, एवढी आमची विनंति आहे.